तात्यांची वही घेऊन मुंबईत तीन दिवस

माझ्या थोरल्या चुलत्यांना आमचे अख्खे घर तात्या म्हणत असे. त्यांना जाऊन गेल्या नोव्हेंबरात वर्ष झाले. पहिल्या स्मृतिदिनाला मला मुंबईस जाता आले नाही, ही रुखरुख मनात होतीच. अशातच काकूंचा फोन आला. “सहा डिसेंबरला आम्ही दोघं चैत्यभूमीला जायचो. यंदा सोबतीला तू ये,” एवढेच त्या म्हणाल्या. मी शाळेत रजेचा अर्ज दिला आणि ५, ६ व ७ डिसेंबर असे तीन दिवस मुंबईत काढायचे ठरवले.

तात्या सातारा जिल्ह्यातले. १९६४ साली ते सैन्यात भरती झाले आणि ईएमई या तांत्रिक दलात वाहन मेकॅनिक म्हणून शिकून तयार झाले. १९७१ च्या युद्धात त्यांची वर्कशॉप शकरगड आघाडीच्या मागे होती. १९८० साली हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर ते कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये लागले आणि १९९८ मध्ये स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत तिथेच राहिले. त्यानंतरची २६ वर्षे त्यांनी कुर्ला पूर्वेच्या नेहरूनगरमधल्या आपल्या वसाहतीला दिली. गटारे, दिवे, पाणी, पदपथ, पूर, रक्तदान, नागरी संरक्षण दलाची कवायत, ज्या कामाला कोणी धनी नसे ते काम त्यांचे असे.

पहिला दिवस : कुर्ला, ५ डिसेंबर

महालक्ष्मी एक्स्प्रेसने सकाळी दादरला उतरलो तेव्हा फलाटावर पाऊल ठेवायला जागा नव्हती. विदर्भातून आणि मराठवाड्यातून आलेली माणसे पांढऱ्या कपड्यांत, खांद्यावर पिशव्या आणि कडेवर मुले घेऊन शांतपणे जिन्याकडे सरकत होती. एका आजींच्या गाठोड्यात भाकरीबरोबर बाबासाहेबांची तसबीर होती आणि तिला धक्का लागू नये म्हणून त्यांचा नातू दोन्ही हात पसरून पुढे चालत होता. मी त्यांना वाट करून दिली आणि धिमी लोकल पकडून कुर्ल्याला गेलो. या दिवसांत दादरला सामान घेऊन गाडी बदलायची असेल, तर अर्धा तास हाताशी ठेवावा आणि जड बॅग शक्यतो आणूच नये.

काकूंनी दार उघडले, “जय भीम बाळा, ये,” म्हणाल्या आणि पहिल्याच दमात, “आधी पोहे खा, मग वह्या बघ,” असेही सांगितले. तात्यांच्या वह्यांविषयी मी ऐकून होतो, पण त्या पाहिल्या नव्हत्या. लोखंडी ट्रंकेत, जिच्यावर त्यांचा सैन्यातला क्रमांक अजून पांढऱ्या रंगात स्पष्ट वाचता येतो, २७ वह्या ओळीने लावून ठेवलेल्या होत्या. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेले सात रकाने होते : तारीख, ठिकाण, काय बिघडले, कोणाला कळवले, तक्रार क्रमांक, दुरुस्ती कोणी केली आणि शेवटी ‘पाहिले’. तक्रार दिली आणि काम झाल्याचा निरोप आला की बहुतेक माणसे विषय संपवतात. तात्या मात्र स्वतः जाऊन बघत आणि मगच शेवटच्या रकान्यात सही करत.

मी थबकलो तो सहाव्या रकान्यापाशी. तिथे खात्याचे नाव नसे, माणसाचे असे. गटाराचा गाळ काढणारा कामगार, दिव्याच्या खांबावर चढलेला वायरमन, पाणीखात्याचा चावीवाला, झाडाची फांदी उतरवणारा माळी, अशा शेकडो माणसांची नावे त्यांच्या गावांसह तात्यांनी लिहून ठेवली होती. काकूंनी त्याचा उलगडा केला. “मिल्ट्रीत गाडी दुरुस्त केली की जॉबकार्डावर मेकॅनिकची सही लागते, असं हे म्हणायचे. ज्यानं काम केलं त्याचं नाव राहिलंच पाहिजे.” काम चालू असताना त्या घरातून चहा पाठवत आणि चहा नेऊन देताना तात्या नाव विचारून येत.

दुपारी तात्यांचे कारखान्यातले एक सहकारी मला न्यायला आले. दोघे लोकलने एक स्थानक पुढे विद्याविहारला गेलो आणि पश्चिमेला बाहेर पडून चालत निघालो. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीच्या या आवारातून १९४७ पासून मोटारी बाहेर पडू लागल्या. आज त्या जमिनीवर कोहिनूर सिटीच्या इमारती आहेत. बागेत मुले सायकली चालवत होती, एका बाकावर औषधांची पिशवी घेऊन कोणी वाट पाहत बसले होते. सहकारी काका रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि हाताने हवेत रेषा काढू लागले. इकडे प्रेस शॉप, तिकडे रंगशाळा, मधून बॉडी सरकत यायची, त्या टोकाला कॅन्टीन. कोठेही एखादी पाटी दिसली नाही. ज्या गाडीने पन्नास वर्षे या शहराची ने-आण केली, तिच्या जन्मस्थळी चार ओळींचा एक फलक असायला हवा, असे मला फार तीव्रतेने वाटले आणि अजूनही वाटते.

तात्या दरवाजे बसवणाऱ्या टोळीत होते. फियाट ११०० म्हणून सुरू झालेल्या आणि १९७० च्या दशकात पद्मिनी हे नाव मिळालेल्या त्या मोटारीचे सगळे वर्णन आपल्याकडे १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टीअरिंगच्या दांड्यावरचा गिअर यांभोवती फिरते. दरवाज्याकडे कोणी लक्ष देत नाही. सहकारी काकांनी मात्र मला अर्धा तास दरवाजाच समजावून सांगितला. पत्र्याची प्रत्येक चौकट केसभर वेगळी उतरायची, त्यामुळे बिजागरी आवळताना हातानेच अंदाज घ्यावा लागे. दार आणि खांब यांमधली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का, हे तात्या अंगठ्याचे नख फिरवून बघत. “दार आपटायचं नाही, नुसतं सोडायचं. ते आपल्या वजनानं बसलं तर बरोबर. नाही बसलं तर तुझे काका गाडी पुढे जाऊ द्यायचे नाहीत. लाइन थांबली की सुपरवायझर धावत यायचा, तरी हे शांतपणे बिजागरी सैल करून पुन्हा लावायचे,” असे सांगताना त्यांचा अंगठा हवेतच वरून खाली फिरत होता.

येथे येणाऱ्यांसाठी एक सूचना : विद्याविहारला फक्त धिम्या लोकल थांबतात. कुर्ला स्थानकावरून लालबहादूर शास्त्री मार्गाने रिक्षानेही येता येते, पण संध्याकाळी पाचनंतर त्या रस्त्यावर चालणारा माणूस रिक्षाच्या पुढे जातो. ‘कमानी’ आणि ‘प्रीमियर रोड’ ही नावे तेवढी वाटेत भेटतात. कारखाने गेले तरी पत्ता सांगताना लोक अजून त्यांच्याच नावाने खूण सांगतात.

परतताना आम्ही मिठी नदीच्या पुलावर थांबलो. ऊन कलले होते आणि खाडीकडून येणाऱ्या वाऱ्याला डिसेंबरातही दमटपणा होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला गेला, तर त्याच वेळी कुलाब्यात तो केवळ ७३ मिलिमीटरच्या आसपास होता, हे आकडे तात्यांना तोंडपाठ होते. शहराच्या जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेण्याच्या हिशोबाने बांधलेल्या होत्या आणि तोही ओहोटीच्या वेळी, हे त्यांनी मला त्यानंतरच्या दिवाळीत कागदावर चित्र काढून समजावले होते. विहार आणि पवई तलावांपासून माहीमच्या खाडीपर्यंत सुमारे १८ किलोमीटर वाहणारी ही नदी त्या चित्रात होती, भरतीची रेषा होती, आणि पाणी मागे का फिरते त्याचा बाणही होता. डॉ. माधवराव चितळे यांच्या समितीच्या अहवालाविषयी वर्तमानपत्रांत आलेली कात्रणे त्यांनी त्याच वर्षीच्या वहीत चिकटवून ठेवली आहेत.

त्या रात्री काय घडले ते मात्र तात्यांनी मला कधी सांगितले नव्हते. सहकारी काकांनी ते त्या पुलावर उभे राहून सांगितले. संध्याकाळी पाणी छातीपर्यंत चढल्यावर तात्यांनी ट्रंकेतून जाड दोरखंड काढला, त्याचे एक टोक दिव्याच्या खांबाला आणि दुसरे इमारतीच्या गजाला बांधले आणि बंद पडलेल्या बसमधल्या माणसांना एकामागोमाग एक दोराला धरून चालत यायला सांगितले. पुढे चालणारा आणि मागे चालणारा हे दोघे दणकट आणि मधली माणसे अशक्त, अशी रचना त्यांनी लावून दिली. सत्तेचाळीस जण पहिल्या मजल्यावर आणि जिन्यात रात्रभर बसले. सकाळी पाणी ओसरल्यावर तात्या झोपायला गेले नाहीत. ते सफाई चौकीवर गेले, मुकादमांना भेटले आणि मेलेली जनावरे कोठे कोठे अडकली आहेत त्याची यादी देऊन आले, कारण त्यापुढचा धोका रोगराईचा आहे हे त्यांनी ओळखले होते. ऑगस्टमध्ये मुंबईत लेप्टोस्पायरोसिसची साथ आलीच.

दुसरा दिवस : दादर, ६ डिसेंबर

पहाटे पाचला आम्ही निघालो. काकूंनी पांढरी साडी नेसली होती आणि पर्समध्ये तात्यांची नागरी संरक्षण दलाची पट्टी घेतली होती. सहा डिसेंबर हा होमगार्डचाही स्थापनादिन आहे. १९४६ साली याच तारखेला मुंबई प्रांतात ही संघटना उभी राहिली. तात्या मात्र दरवर्षी या दिवशी कवायतीच्या कार्यक्रमाला न जाता शिवाजी पार्कवर येत, कारण त्यांच्या मते स्वयंसेवकाची जागा जिथे गर्दी आहे तिथे असते.

दादर पश्चिमेला उतरून आम्ही माणसांच्या प्रवाहाबरोबर चालू लागलो. एवढी गर्दी असूनही ढकलाढकली नव्हती. समता सैनिक दलाचे स्वयंसेवक दोन्ही बाजूंना हात धरून उभे होते आणि रांग वळत वळत समुद्राकडे जात होती. ७ डिसेंबर १९५६ रोजी जिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, त्या जागी उभ्या राहिलेल्या स्तूपाचे उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ रोजी मीराताई आंबेडकर यांच्या हस्ते झाले. त्या दिवशी युद्धाचा तिसरा दिवस होता आणि तात्या पश्चिम सीमेवर एका शक्तिमान ट्रकखाली पाठीवर पडून त्याचा तुटलेला ब्रेकचा पाइप बदलत होते. उद्घाटनाची बातमी त्यांना आजोबांच्या पत्रातून कळली, तेव्हा युद्ध संपून बरेच दिवस झाले होते. सुट्टीवर आल्यावर ते आधी चैत्यभूमीवर गेले, मग साताऱ्याची गाडी धरली, असे आजी सांगत असे.

साताऱ्याशी बाबासाहेबांचे नातेही तात्या नेहमी सैनिकाच्या बाजूने सांगत. सुभेदार रामजी आंबेडकर सैन्यातून निवृत्त झाल्यावर नोकरीनिमित्त साताऱ्यात राहिले आणि ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांच्या मुलाचे नाव तिथल्या सरकारी शाळेत दाखल झाले. “निवृत्त सुभेदारानं पेन्शनीतून पोरगं शिकवलं. सैन्यातून बाहेर पडलेल्या माणसानं काय करायचं असतं, ते तिथं लिहिलंय,” हे वाक्य मी लहानपणापासून त्यांच्या तोंडून ऐकले आहे. माझ्या बारावीच्या वर्षी त्यांनी माझी फी भरली, तेव्हाही ते हेच म्हणाले होते.

दर्शन होऊन बाहेर पडायला साडेनऊ वाजले. उन्हाचा चटका वाढू लागला होता, पण समुद्राचा वारा होता. तात्या ज्या मंडपाशेजारी बसत, जिथून चुकलेल्या माणसांच्या नावांची घोषणा होते, तिथे काकू मला घेऊन गेल्या आणि कोपऱ्यातल्या एका खुर्चीकडे बघत थोडा वेळ उभ्या राहिल्या. मी काही बोललो नाही. मग त्यांनी पदर खोचला, पाण्याच्या पिंपाशेजारी उभ्या राहिल्या आणि पेले भरून देऊ लागल्या. मी पेले गोळा करून आणत होतो. तासाभराने परभणी जिल्ह्यातून आलेल्या एक म्हाताऱ्या बाई भेटल्या. त्यांची सून आणि नातवंडे गर्दीत सुटली होती. काकूंनी घोषणा करणाऱ्या मुलाला नाव सांगितले, पण बाईंना बसवून ठेवण्याची त्यांची रीत पाहण्यासारखी होती. गावात यंदा कापूस किती झाला, कोणत्या गाडीने आलात, नातवाचे नाव काय, एकामागून एक प्रश्न. घाबरलेल्या माणसाला त्याच्या घराबद्दल विचारत राहायचे, ही तात्यांची शिकवण. पाऊण तासाने सून धापा टाकत आली. निघताना त्या बाईंनी गाठोडे सोडून आम्हाला ज्वारीची अर्धी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी दिली. मंडपाच्या सावलीत उभ्या उभ्या ती खाल्ली. तिची चव जिभेवर अजून आहे.

दुपार आम्ही पुस्तकांच्या दुकानांत घालवली. मैदानावर मांडलेल्या या दुकानांवर दिवसभर जी रीघ लागते, ती महाराष्ट्रात अन्यत्र मी पाहिलेली नाही. दहा रुपयांच्या पुस्तिकेपासून जाडजूड खंडांपर्यंत सर्व काही विकले जाते आणि विकत घेणाऱ्यांमध्ये शेतमजूर असतात, बांधकामावरचे कामगार असतात. काकूंनी वसाहतीतल्या अभ्यासिकेसाठी संविधानाच्या चार मराठी प्रती घेतल्या. ही अभ्यासिका तात्यांनी तळमजल्यावरच्या एका बंद खोलीत सुरू करून दिली आणि तिच्यातले बाक त्यांनी स्वतः रंधा मारून गुळगुळीत केले होते.

जे या दिवशी जाऊ इच्छितात त्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. शिवाजी पार्कच्या आसपासचे अनेक रस्ते वाहनांना बंद असतात, त्यामुळे स्थानकापासून पायीच जावे. मोबाइलची रेंज जाते, म्हणून सोबतच्या माणसांशी भेटण्याची जागा आधीच ठरवावी आणि लहान मुलांच्या खिशात पत्ता व फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी घालावी. पुस्तकांसाठी सुटे पैसे व कापडी पिशवी न्यावी. पाणी, औषधोपचार आणि शौचालयांची सोय महापालिका करते. कचरा मात्र आपल्या पिशवीतच परत आणावा. तात्या शेवटच्या वर्षीही सायंकाळी एक गोणी घेऊन मंडपामागचे पेले वेचत होते.

परतीच्या वाटेवर स्थानकाजवळच्या मामा काणे यांच्या उपाहारगृहात बटाटेवडा खाल्ला. काकूंनी एक वडा बांधून घेतला आणि घरी आल्यावर तो तसबिरीपुढे ठेवला.

तिसरा दिवस : नेहरूनगर ते फोर्ट आणि परत, ७ डिसेंबर

सैन्यात रोज सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी तेल, पाणी, टायर, बॅटरी, ब्रेक तपासतात, त्याला ‘फर्स्ट परेड’ म्हणतात. तात्या आपल्या सकाळच्या फेरीला हाच शब्द वापरत. रविवारी सहा वाजता, बेस्टमधून निवृत्त झालेले शेजारी, ज्यांना सगळे मास्तर म्हणतात, मला त्याच वाटेने घेऊन निघाले. इमारतीचे फाटक, पाण्याचा व्हॉल्व्ह, शाळेची भिंत, बसथांबा, नाल्याची जाळी. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात शहरातले एक नामवंत डॉक्टर उघड्या मॅनहोलमध्ये पडून मरण पावले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तात्यांनी या वाटेवरची सर्व झाकणे मोजली. वहीत त्यांचा नकाशा आहे, ६४ ठिपक्यांचा. त्याखाली लिहिले आहे : “पाणी साचले तरी झाकण उघडायचे नाही. १९१६ वर कळवायचे. उघडे दिसल्यास काठी आणि लाल फडके लावून माणूस उभा करायचा, हलायचे नाही.” आता त्यातल्या कित्येक ठिकाणी आत लोखंडी जाळी बसली आहे. मास्तरांनी प्रत्येक झाकणावर बुटाची टाच आपटून आवाज ऐकवला. भक्कम बसलेले झाकण मंद वाजते, डुगडुगणारे खणखणते. दरवाज्याची फट नखाने तपासणाऱ्या माणसाने ही खूण शोधली, याचे मला नवल वाटले नाही.

कोपऱ्यावर चावीवाले भेटले. मुंबईबाहेर राहणाऱ्यांना हे पद ठाऊक नसते, म्हणून सांगतो. दूर ठाणे आणि नाशिक जिल्ह्यांतल्या धरणांतून आलेले पाणी शहरात सगळीकडे एकाच वेळी सोडले जात नाही; ठरलेल्या वेळी लांब लोखंडी चावीने रस्त्याखालचे व्हॉल्व्ह फिरवून एकेका भागाला पाणी देणारा महापालिकेचा कामगार म्हणजे चावीवाला. मी वही उघडून त्यांना त्यांचे नाव दाखवले. २०११ पासून ते एकोणीस वेळा आले होते. त्यांनी नावावरून बोट फिरवले, गावाचे नाव बरोबर लिहिले आहे असे म्हणाले आणि मग मला विचारले, “माझ्याआधी जे होते, त्यांचंही आहे का?” होते. त्यांच्याआधीचेही होते. त्या नावावर त्यांचे बोट बराच वेळ राहिले. ते त्यांच्या वडिलांचे नाव होते.

सात डिसेंबर हा सशस्त्र सेना ध्वजदिन. १९४९ पासून या दिवशी लाल, गडद निळा आणि फिकट निळा असे तिन्ही दलांचे रंग असलेली छोटी ध्वजचिन्हे देऊन सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी गोळा करतात. तात्या दरवर्षी सैनिक कल्याण कार्यालयातून ध्वजचिन्हे आणि पावत्या आणत आणि दिवसभर फिरत. यंदा काकूंनी ती आणून ठेवली होती. त्यांनी मला अर्धी दिली.

मी सीएसएमटीला उतरलो. महापालिकेच्या मुख्यालयाच्या दर्शनी भागावर सकाळचे ऊन आले होते. १८९३ मध्ये पूर्ण झालेल्या या इमारतीसमोर तात्या मला लहानपणी घेऊन आले होते, तेव्हा त्यांनी ‘यतो धर्मस्ततो जयः’ हे बोधवाक्य माझ्याकडून पाठ करून घेतले होते. बझारगेट स्ट्रीटवर पुरीभाजी खाल्ली आणि लायन गेटकडे जाण्यासाठी टॅक्सी केली. चालक साठीच्या पुढचे होते आणि पद्मिनी त्यांनी तब्बल बावीस वर्षे चालवली होती. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मधली. टॅक्सीला २० वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून ती रस्त्यावरून गेली. मी म्हणालो, माझे काका कुर्ल्याला तिचे दरवाजे बसवत. त्यांनी आरशातून माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “इंजिन मी दोनदा उतरवलं, सीटा चारदा बदलल्या, दरवाजे कंपनीचेच होते. शेवटपर्यंत.” मी त्यांच्या खिशावर ध्वज लावला. त्यांनी पन्नास रुपये दिले आणि पावती नीट घडी करून परवान्याबरोबर ठेवली.

लायन गेटसमोर विक्रांत स्मारक आहे. १९७१ मध्ये बंगालच्या उपसागरात लढलेली ही विमानवाहू नौका संग्रहालय म्हणून उभी असताना तात्यांनी मला ती दाखवली होती. ती मोडीत निघाल्यावर तिच्याच धातूपासून हे स्मारक घडवले आणि तिचे काही पोलाद बजाजच्या एका मोटारसायकलीतही गेले. ही बातमी वाचून तात्या हळहळले होते, पण दोन दिवसांनी फोनवर म्हणाले, “रस्त्यावर चालतंय ना लोखंड, मग ठीक आहे.” स्मारक रहदारीच्या मध्यावर असल्यामुळे तिथे फार वेळ थांबता येत नाही. रविवारी सकाळी गेल्यास रस्ता ओलांडणे सोपे जाते आणि मेगाब्लॉकचे वेळापत्रक आधी पाहून निघावे.

संध्याकाळी काकूंनी पिठले-भात केला, डब्यात चपात्या दिल्या आणि उरलेली ध्वजचिन्हे माझ्या खिशात घातली. “हे राहिलेली घेऊन नेहरूनगर डेपोत जायचे. मिल्ट्रीतून सुटल्यावर ट्रंक घेऊन तिथंच उतरले होते,” त्या म्हणाल्या. वह्यांपैकी शेवटची त्यांनी माझ्याकडे दिली नाही. ती आता मास्तरांकडे आहे आणि त्यांनी नोव्हेंबरपासून तिच्यात नोंदी सुरू केल्या आहेत. अक्षर वेगळे आहे, रकाने सातच आहेत.

डेपोत साताऱ्याची गाडी लागलेली होती. मी चढलो, जागा पकडली आणि तिकिटासाठी वाहक आले तेव्हा त्यांच्यापुढे ध्वजचिन्ह धरले. त्यांनी ते हातात घेतले आणि खिडकीतून बाहेर चौकशी खिडकीच्या दिशेने पाहिले.

“हे वाटणारे एक बाबा येतात दरवर्षी. टोपी घालून. आज दिसले नाहीत.”

मी सांगितले. त्यांनी तिकिटाचे यंत्र बगलेत धरले, ध्वज स्वतःच्या हाताने खिशावर लावला, मग माझ्याकडून उरलेली सगळी ध्वजचिन्हे मागून घेतली आणि पहिल्या आसनापासून प्रवाशांना देत, पावतीसाठी माझ्याकडे बोट दाखवत मागे येऊ लागले. गाडी सुटायला दहा मिनिटे होती. मी पावती पुस्तक मांडीवर उघडले आणि एकेकाला नाव विचारून लिहू लागलो.